सवाल नॉटिंगहॅमचे, जबाब शिरूरचे

मी शिरूर अनंतपाळची. लातूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावातून नर्स म्हणून इंग्लंडला आले आणि नॉटिंगहॅममधल्या एका इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात कामाला लागले. इथली माणसं दिवसभर पडून असतात, वेळ जाता जात नाही, त्यामुळं समोर येणाऱ्या नर्सला ती प्रश्न विचारत राहतात. काही प्रश्न मायेचे असतात, काही आगाऊ, काही झोंबणारे. गावाकडून नव्यानं येणाऱ्या पोरी मला रात्री-अपरात्री फोन करून विचारतात, ‘ताई, अशा वेळी काय बोलावं?’ त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलेलं इथं एका जागी मांडून ठेवते. ज्याच्या-त्याच्या वाट्याला प्रश्न वेगळे येतात, उत्तरंही वेगळी सुचतील.

१. परीक्षेतलं इंग्रजी आजाराबद्दल असतं, वॉर्डातलं इंग्रजी तुमच्याबद्दल असतं. ओईटी नावाची परीक्षा देऊन आम्ही नर्सा इकडं येतो. तिच्या तोंडी भागात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग वठवायचे असतात. समोरचा पेशंट होतो किंवा पेशंटचा नातेवाईक, आणि आपण नर्स. कार्डावर लिहिलेलं असेल तेवढं समजावून सांगायचं, धीर द्यायचा, शंका फेडायची. बी ग्रेड मिळाली की पाऊल पुढं पडतं. त्या कार्डांवर ‘तू आमच्या देशात का आलीस?’ असं कुणी विचारत नाही. इथं एका आजोबांनी गोळ्यांची वाटी हातात धरून अगदी शांतपणे विचारलं, ‘तुमच्याकडं नर्सा कमी पडत नाहीत का?’ प्रश्न खोडसाळ नव्हता, खरा होता, म्हणूनच अवघड होता. मी म्हणाले, ‘पडतात. तुमच्याकडंही पडतात. जाहिरात तुम्ही आधी दिलीत.’ त्यांनी मान हलवली, गोळ्या घेतल्या आणि विचारलं, ‘आणि पगार तरी बरा देतो का आम्ही?’ तेव्हापासून मी एक बघत आले आहे. खऱ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की त्यात गंमत आपसूक उतरते. गंमत करायचीच म्हणून शब्द शोधायला गेलं की उत्तर उर्मट होतं. आणि उत्तर जमलं की नाही हे समोरच्याच्या हसण्यावरून कळत नाही. त्यानं पुढं काय विचारलं, त्यावरून कळतं.

२. ‘तू कुठली?’ याला जितकं लहान उत्तर द्यावं, तितकं बोलणं लवकर संपतं. ‘इंडिया’ म्हटलं की ताजमहाल येतो, ऊन येतं, तिखट येतं आणि दोन वाक्यांत सगळं आटोपतं. म्हणून मी सरळ ‘शिरूर अनंतपाळ’ म्हणते. ऐकणाऱ्याला ते नाव कुठूनही माहीत असायचं कारण नाही, पण म्हणूनच त्याला पुढं विचारावं लागतं.

वॉर्डात एक आजोबा होते. उभा जन्म रेल्वेत नोकरी केलेले. कालचं त्यांना आज आठवत नसे, त्यामुळं रोज सकाळी रक्तदाब मोजायला गेले की ते विचारायचे, ‘कुठली गं तू, डक?’ या भागात लहानथोर सगळ्यांना मायेनं ‘डक’ म्हणतात. बाकीच्या जणी कंटाळून एका शब्दात उत्तर देत. मी ठरवलं, यांना रोज गावातलं एक नवं खरं सांगायचं. एके दिवशी घरणी नदी आणि तिच्यावरचा प्रकल्प सांगितला. एके दिवशी साकोळचा तलाव. एके दिवशी काळं रान, त्यातली तूर आणि सोयाबीन. थंडीत कोवळी ज्वारी भाजून, हातावर चोळून, गरम-गरम हुरडा कसा खातात ते सांगताना मी त्यांच्या तळहातावर माझा तळहात चोळून दाखवला. ते डोळे मिटून म्हणाले, ‘मीठ लागत असेल बरोबर?’

मग एका सकाळी पावसाचा विषय निघाला. मी म्हणाले, ‘आमच्या जिल्ह्याच्या गावाला २०१६ साली पाणी रेल्वेनं आलं होतं.’ आजोबा उठूनच बसले. मी सांगत गेले : एप्रिल महिना, मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी नाही, आणि तिकडं मिरजेहून टँकरच्या डब्यांची गाडी भरून निघाली. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा डबे, एकेकात पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. नंतर पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘वेळेवर आली का पण?’ मी म्हणाले, ‘तहान लागली की कुठलीच गाडी वेळेवर आली असं वाटत नाही.’ ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘इंजिन डिझेलचं का विजेचं?’ त्या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, म्हणजे डिझेलचंच. हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना माझं नाव आठवलं नाही, गावही आठवलं नाही. पण रक्तदाबाचा पट्टा बांधताना त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडं पाऊस झाला का?’

३. ‘कुठली?’ हा प्रश्न एकदा आला तर ती विचारपूस असते. उत्तर दिल्यावरही पुन्हा ‘तसं नाही, मूळची कुठली?’ असं आलं की त्याचा रंग बदलतो. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातल्या समारंभात एन्गोझी फुलानी या बाईंना राजघराण्याच्या सेवेत हयात घालवलेल्या एका मानकरी बाईंनी हाच प्रश्न पुन्हा-पुन्हा विचारला. फुलानी बाईंचा जन्म ब्रिटनमधला. तसं त्यांनी सांगितलं तरी प्रश्न थांबेना. पुढं गाजावाजा झाला, मानकरी बाईंना पद सोडावं लागलं, त्यांनी माफीही मागितली. मला त्या प्रश्नाचं वाईट वाटत नाही, कारण मी खरंच मूळची दुसरीकडची आहे. पण माझ्याबरोबर काम करणारी एक जण आहे, तिची आजी जमैकाहून आलेली. ती स्वतः याच शहरात वाढली, तिची भाषा हीच, तिची शाळा इथलीच. तिला एका पेशंटनं सलग तिसऱ्यांदा ‘खरं-खरं कुठली?’ विचारलं तेव्हा ती उशी नीट करता-करता म्हणाली, ‘खरं सांगू? वरच्या मजल्यावरची. बाळंतपणाच्या वॉर्डात जन्मले, तिथून खाली यायला तीस वर्षं लागली.’ इतकं नेमकं, इतकं खरं आणि इतकं न रागावता दिलेलं उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही.

आपल्याकडच्या डॉक्टरांचं वेगळं. भारतातली नर्स दिसली की ते विचारतात, ‘केरळ?’ नाही म्हटलं की ‘मग मुंबई?’ मी म्हणते, ‘मुंबईहून रात्रभर गाडीत बसा, सकाळी मी भेटते.’

४. ‘तुझं इंग्रजी किती छान आहे!’ याला सगळीकडं एक तयार उत्तर चालतं : ‘थँक यू, तुमचंही छान आहे.’ ते मी कधी वापरत नाही. नव्वदीच्या आजी हात हातात घेऊन हे म्हणतात तेव्हा त्यांना कौतुकच करायचं असतं, आणि कौतुक करणाऱ्या माणसाला फटकारणं शिरूरच्या रीतीत बसत नाही. आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. तेव्हा मी आजींना खरं तेच सांगते, ‘आमचे गुरुजी एकच होते. इंग्रजीही तेच शिकवायचे आणि कवायतही. त्यामुळं इंग्रजी बोलताना माझी पाठ आपोआप ताठ होते.’ यावर त्यांच्या शाळेच्या गोष्टी सुरू होतात, छडीच्या, शाईच्या, युद्धाच्या काळात शहरातून खेड्यात धाडलेल्या पोरांच्या. मग मी ऐकत राहते. गुरुजींचं नाव या देशात कुणाला ठाऊक नाही, पण त्यांचा विषय इथं अनेक खाटांपाशी निघाला आहे.

५. नावावर तडजोड करायची नाही, हे मी आल्या-आल्याच ठरवलं होतं. माझं नाव ज्ञानेश्वरी. वारकरी घरातलं नाव, आजोबांनी ठेवलेलं. एका वरिष्ठ बाईंनी प्रेमानं सुचवलं, ‘काहीतरी सुटसुटीत ठेवू या का? जेनी?’ नॉटिंगहॅमपासून जवळच एक किल्ल्यासारखा मोठा वाडा आहे. त्याचं नाव लिहितात ‘बेल्व्हॉर’ आणि म्हणतात ‘बीव्हर’. मी म्हणाले, ‘तुम्ही बेल्व्हॉर लिहून बीव्हर म्हणता, ते मी एका दिवसात शिकले. माझं तर जसं लिहिलं तसंच म्हणायचं आहे.’ त्या हसल्या आणि त्याच दुपारी औषधांच्या खोलीत उभं राहून त्यांनी नाव घोकलं. आज वॉर्डात नवी मुलगी आली की त्याच तिला शिकवतात, ‘जीभ दातांना लाव, मग सोड.’

६. अवघड प्रश्नांना परक्या भाषेत उत्तरं देणाऱ्या मराठी बायका माझ्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं होऊन गेल्या आहेत. हे नीट कळलं तेव्हा मला फार धीर आला. तारीख २४ फेब्रुवारी १८८३. जागा बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजचं सभागृह. बोलणारी आनंदीबाई जोशी. अठरा वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी. नवरा गोपाळराव तिथं पोस्टात नोकरीला. बाई एकटी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाली म्हणून गावभर कुजबुज चाललेली. आपल्याकडं आनंदीबाईंची कहाणी सगळ्यांना ठाऊक असते, पण त्या भाषणाची रचना फार थोड्यांनी पाहिलेली असते. लोक जे प्रश्न पाठीमागं विचारत होते, ते त्यांनी स्वतःच गोळा केले, क्रम लावला आणि भर सभेत इंग्रजीतून एकेकाचं उत्तर दिलं. प्रश्न सहा होते. अमेरिकेला का? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडं काही संकट ओढवलं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तू का करावंस?

त्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पूर्वी मुंबईत असताना त्या रस्त्यावरून जात तेव्हा लोक भोवती जमत, खदखदा हसत. ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित लोक टोमणे मारत, खडे मारायलाही त्यांना लाज वाटत नसे. हे त्यांनी सभागृहात उभं राहून, कुणाचं नाव न घेता, कुणाला शिवी न देता सांगितलं. जातीबाहेर टाकण्याच्या प्रश्नाला तर त्यांनी जे उत्तर दिलं, त्याच्या धारेला मला आजही तोड दिसत नाही. मी जशी इथं राहते तशीच तिथं राहणार, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणून परत येणार. तरीही टाकायचंच असेल तर तेव्हापर्यंत थांबता कशाला, आत्ताच टाका, मोकळे आहात, असा त्याचा मतलब. आवाज चढवलेला नाही, आणि विचारणाऱ्याला पळायला वाटही ठेवलेली नाही.

त्याच एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीप्रमाणं घरात घेतलं. पुढं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रात्रपाळीत पहाटेच्या सुमाराला, वॉर्ड शांत असताना, मला पुष्कळदा त्या सभागृहाची आठवण येते. आपल्याला येणारे प्रश्न आपणच आधी मांडून घ्यावेत, त्यांचा क्रम आपण लावावा, ही रीत मी त्यांच्याकडून घेतली. नव्या पोरींना मी हेच करायला सांगते. एका वहीत प्रश्न लिहून काढायचे. लिहिले की निम्म्यांचा दरारा जातो.

७. ‘तुम्ही लोक आमच्यावर अजून चिडून असाल ना?’ हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षिकेनं विचारला, तोही आवाज खाली करून. राज्याबद्दल विचारत होत्या. मी म्हणाले, ‘आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं. चिडण्याच्या रांगेत आधी त्याचा नंबर लागतो, मग तुमचा.’ शिक्षिकाच त्या, त्यांना हे पुरेना. मग मी सांगितलं की १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडं स्वातंत्र्य आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. मधलं वर्षभर रझाकारांनी काय केलं हे सांगणारी माणसं माझ्या लहानपणी गावोगाव होती. आणि निजामाच्या राज्याच्या दोषातून इंग्रज अगदी मोकळे सुटतात असंही नाही, त्यांचा रेसिडेंट हैदराबादेत बसलेला असायचाच, तेही मी सांगितलं. हसून सांगायचं म्हणून खरं अर्धवट सांगायचं, हे मला पटत नाही.

त्यांनी विचारलं, ‘मग गांधी तुमच्यापर्यंत पोचले होते का?’ इतका सुंदर प्रश्न! मी म्हणाले, ‘आमच्या तालुक्यात उजेड नावाचं गाव आहे. तिथं प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला यात्रा भरते. गावोगाव देवाची भरते तशी ही महात्मा गांधींच्या नावानं.’ त्यांना खरंच वाटेना. पाळणे असतात का, मिठाई असते का, पोरं हरवतात का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. हो, सगळं असतं. हिंदू-मुसलमान दोघंही असतात. मग त्या म्हणाल्या, ‘चर्चिलच्या नावानं आमच्याकडं जत्रा भरवली तर कुणी फिरकणार नाही.’ हे त्यांचं उत्तर होतं, माझं नव्हे, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

८. लग्नाचे प्रश्न हमखास येतात. ‘तुझं लग्न आईवडिलांनी ठरवलं?’ विचारणारी तरुण सहकारी स्वतः मोबाइलवर माणसं बघत असते, आवडला तर उजवीकडं सारते, नाही तर डावीकडं. मी म्हणाले, ‘आमच्याकडं ते काम निलंग्याचे मामा करायचे. तेही उंची, शिक्षण, नोकरी बघूनच बाजूला सारायचे. पण मामा त्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे, आणि घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकून यायचे.’ ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, ‘तुझे मामा अजून काम घेतात का?’

९. सगळ्यांत अवघड प्रश्न मराठीत येतो. इंग्रज माणूस गाव विचारतो. आपला माणूस आडनाव विचारतो. ते सांगून भागलं नाही तर माहेरचं विचारतो, तेही पुरलं नाही तर ‘म्हणजे तुम्ही कोणते?’ मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला आडनावाचं वजन समजावून सांगावं लागत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून तिथं सोळा वर्षं लढा चालला, माणसं गेली, घरं जळाली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मी तेव्हा शाळेत होते, आणि मोठी माणसं त्या दिवसांत कशी दबक्या आवाजात बोलत हे मला आठवतं. हाच प्रश्न एका घरच्या गणपतीला, मोदकाची ताटली हातात असताना, एका बाईंनी विचारला. मी म्हणाले, ‘सांगते की. पण आधी तुमचा पत्ता द्या, जेवायला यायचंय.’ मला त्या बाईंचा अपमान करायचा नव्हता. खरंच जायचं होतं. त्यांनी पत्ता दिला, मी गेले, जेवले, भांडी घासू लागले. आडनावाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही सांगितलं नाही. इथंही सांगत नाही.

लंडनला गेले की मी १० किंग हेन्रीज रोडवरच्या घरी जाते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर विकत घेतलं, आता ते स्मारक आहे. तिथं आलेली माणसं एकमेकांना गाव विचारतात आणि ‘तुम्ही काय करता?’ एवढंच विचारतात. त्या घरात मला फार मोकळं वाटतं.

१०. काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच, आणि तिथं हजरजबाबीपणा खर्चू नये. २९ जुलै २०२४ ला साऊथपोर्टमध्ये तीन चिमुकल्या मुलींचा खून झाला. मारेकरी बाहेरून आलेला आहे अशी खोटी आवई उठली आणि पुढचा आठवडाभर गावोगाव दंगली पेटल्या. संडरलंडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सांवर दगडफेक झाली. त्या दिवसांत आम्ही ओळखपत्र कोटाच्या आत ठेवून, दोघी-तिघी मिळून टॅक्सीनं येत-जात होतो. रस्त्यात एकानं ‘घरी कधी जाणार?’ असं ओरडून विचारलं. त्याला देण्यासाठी माझ्याकडं उत्तर होतं, चांगलं होतं, आणि मी ते दिलं नाही. त्याच संध्याकाळी वॉर्डातल्या आजींनी विचारलं, ‘आज घरी कशी जाणार गं?’ आणि भेटायला आलेल्या मुलाला त्यांनी मला दारापर्यंत सोडायला पाठवलं. गाडीत आम्ही दोघंही फार बोललो नाही. त्यानं दार उघडून दिलं आणि दिवा लागेपर्यंत थांबला.

११. माझ्या घराण्यातली खरी हजरजबाबी बाई शिरूरलाच आहे, आणि तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी इकडं आल्यावर गावात बोलणी उठली. एवढी शिकली आणि म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला इंग्लंडला गेली. मायला बाजारात एकानं तोंडावर विचारलं, ‘काय हो, तुमची पोरगी तिकडं गोऱ्या म्हाताऱ्यांचं धुती म्हणं?’ भावानं सांगितलं, माय मेथीची जुडी निवडत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, ‘धुती की. तुमचं कोण धुणार हाय, ते ठरीवलाव का?’ भाजीवाली हसली, विचारणाराही हसला. मग तो उकिडवा बसला आणि आपल्या मुलांचं गाऱ्हाणं सांगू लागला. एक पुण्याला, एक हैदराबादला, दोघांनाही यायला सवड नाही. मायनं ते सगळं ऐकून घेतलं. लोक त्या उत्तराची गोष्ट करून सांगतात. मला मात्र तिचं नंतर थांबून ऐकणं जास्त मोठं वाटतं.

माझ्या कामाबद्दल कुणी नाक मुरडलं की मी आता बिचकत नाही. अंग पुसताना पाण्याची ऊब आधी आपल्या मनगटावर बघायची, चेहरा आधी, गुप्तांगाकडचा भाग शेवटी, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी टॉवेलखाली झाकलेला. आणि हे चालू असताना माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे त्याला लाज वाटत नाही. या सगळ्या प्रश्नांपैकी निम्मे मला त्या टॉवेलच्या वेळी आलेले आहेत. स्वतःची लाज झाकायला माणूस दुसऱ्याची चौकशी करतो, हे कळल्यापासून मी कुठल्याच प्रश्नावर चटकन रागवत नाही.

१२. एका प्रश्नाला मात्र मला चतुर उत्तर सुचलं नाही, आणि सुचावं असं वाटतही नाही. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेल्या एका बाईंचे केस मी विंचरत होते. त्यांनी अडखळत विचारलं, ‘तू इथं माझं करतेस. तुझ्या आईचं कोण करतं?’ मायचे गुडघे गेलेत, एका डोळ्याला कमी दिसतं. मी जे आहे ते सांगितलं, ‘माझी वहिनी करते.’

त्या थांबल्या. वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागायचा. मी कंगवा तसाच धरून उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘तिला पगार मिळतो का?’

सुट्टी झाल्यावर मी शिरूरला फोन लावला. भावाशी बोलले, मायशी बोलले, मग वहिनीला फोन द्यायला सांगितलं. घरी पाठवते त्या पैशातला एक भाग दर महिन्याला वहिनीच्या नावावर, तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल, असं ठरवलं. तिचं खातं होतं, पण वापरात नव्हतं. बँकेत जाऊन ते चालू करून घ्यायला तिला आठवडा लागला. पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा तिनं मला विचारलं, ‘आक्का, ह्ये कशाचं?’ मी म्हणाले, ‘तुमच्या कामाचं.’ ती म्हणाली, ‘मग सुट्टी पन द्याल का?’ दिवाळीला मी महिनाभर गावी गेले आणि वहिनी पंधरा दिवस माहेरी, उदगीरला, जाऊन राहिली.